आयटी विभाग ठेवायचा की बाहेर द्यायचा, हे ठरवण्याआधी

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. वडिलांनी उभी केलेली वाहनांच्या सुट्या भागांची कंपनी आता तुमच्याकडे आली आहे. एक कारखाना अंबडला, दुसरा सिन्नरला, दोन्हीकडे मिळून तीनशेच्या आसपास माणसं. आयटीत तिघं आहेत आणि ते अकाउंट्सच्या मॅनेजरांच्या हाताखाली काम करतात. दिवसभर ते प्रिंटर, वायफाय आणि पासवर्ड यांतच अडकलेले दिसतात आणि वर्षातून एकदा सर्व्हर, लायसन्स, फायरवॉल अशी यादी घेऊन पैसे मागायला येतात. सल्लागार म्हणतात, सगळं बाहेरच्या कंपनीला देऊन टाका. तुम्ही विचारताय की आयटी विभागाचं नेमकं काम काय, आणि आपल्याएवढ्या कंपनीला तो लागतो का?

मी बरीच वर्षं भोसरी-चाकण पट्ट्यातल्या अशाच कंपन्यांचं आयटी सांभाळतोय, आधी नोकरीत आणि आता सल्लागार म्हणून. माझ्या मते ‘ठेवायचा की काढायचा’ हा तुमचा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न असा की कंपनीचं रोजचं काम कोणकोणत्या यंत्रणांवर चालतं हे आज तुमच्याकडे कोणाला पूर्ण ठाऊक आहे, आणि त्यातलं काही बंद पडलं तर जाब कोणाला विचारायचा? दुरुस्तीचं काम बाहेर दिलं तर चालतं. हे ठाऊक असणं आणि त्याचं उत्तर देणं मात्र आतल्याच कोणाकडे तरी असावं लागतं. माझ्या दृष्टीने आयटी विभाग म्हणजे हेच.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. ईआरपी (स्टॉक, खरेदी, इन्व्हॉइस सगळं एकत्र सांभाळणारं सॉफ्टवेअर) तयार घेतलेली आहे की तुमच्यासाठी खास लिहून घेतलेली, ग्राहक किती कडक आहेत (जर्मन वाहन कंपन्यांना माल देत असाल तर टीसॅक्स नावाचं माहिती-सुरक्षेचं मूल्यांकन कधी ना कधी मागतात), सिन्नरला रात्रपाळी चालते का, यावर माणसांचा आकडा बदलेल. कामाचं स्वरूप फारसं बदलणार नाही.

प्रिंटरचंच घेऊ. रात्री साडेनऊला डिस्पॅचमधून फोन येतो, ‘प्रिंटर चालत नाही.’ ट्रक भरून गेटवर उभा असतो आणि ग्राहकाच्या कारखान्यात सकाळचा ठरलेला स्लॉट असतो. प्रत्येक बिनवर (मालाच्या क्रेटवर) लागणारं बारकोड लेबल त्या प्रिंटरमधून निघतं. लेबलवर एएसएन (माल पाठवत असल्याची आगाऊ सूचना) नंबर लागतो, तो ग्राहकाच्या पोर्टलवर इन्व्हॉइस चढवल्यावर मिळतो. इन्व्हॉइसवर सरकारी पोर्टलकडून आलेला आयआरएन (इन्व्हॉइसचा नोंदणी क्रमांक) लागतो, कारण १ ऑगस्ट २०२३ पासून पाच कोटींपेक्षा जास्त उलाढाल असलेल्या सगळ्यांना ई-इन्व्हॉइस सक्तीचं आहे. मग मालवाहतुकीचं ई-वे बिल. त्या पोर्टलवर लॉगिन करायला ओटीपी लागतो, १ एप्रिल २०२५ पासून तर सगळ्यांनाच, आणि तो नोंदवलेल्या मोबाइलवर जातो. तो मोबाइल दिवसपाळीच्या माणसाचा असेल आणि माणूस घरी झोपला असेल, तर ट्रक गेटवरच. कागद पुरे नसताना वॉचमन गेट उघडत नाही, आणि ते बरोबरच आहे. ग्राहकाची लाइन थांबली की नंतर डेबिट नोट तुमच्या नावाने येते.

ज्याला फक्त यंत्र कळतं, तो येऊन रिबन बदलेल, केबल काढून घालेल. ज्याला डिस्पॅच कळतं, तो फोनवर पहिला प्रश्न विचारेल, ‘आयआरएन आला का?’ बाहेरच्या कंपनीचा इंजिनीअर कितीही हुशार असला तरी हा प्रश्न त्याला सुचणार नाही, कारण तुमच्या कंपनीत काय कशाच्या मागे लागतं हे तो पाहतच नाही. तुमचे तिघं यांपैकी कोणत्या प्रकारचे आहेत, हे एकदा संध्याकाळी डिस्पॅचमध्ये तासभर बसून पाहा. सल्लागारांच्या अहवालात ते सापडणार नाही.

नवीन ठिकाणी गेलो की मी आयटीच्या खोलीत न बसता आधी स्टोअर्स, डिस्पॅच, क्यूसी (गुणवत्ता तपासणी) आणि पगार या चार ठिकाणी बसतो. मग एका ए-थ्री कागदावर तक्ता करायचा. कोणतं काम, ते कोणत्या यंत्रणेवर चालतं, यंत्रणा कोणाच्या ताब्यात आहे, ती बंद पडली तर किती वेळ निभेल आणि तोवर हाताने कसं भागवायचं. ‘किती वेळ निभेल’ हा रकाना आयटीने भरायचा नाही, तो त्या-त्या खात्याने आणि शेवटी तुम्ही भरायचा. पगाराचं सॉफ्टवेअर १५ तारखेला दोन दिवस बंद राहिलं तर कोणाच्या लक्षातही येणार नाही, ६ तारखेला बंद पडलं तर गेटवर गर्दी होईल. डिस्पॅचला बहुधा दोन तासही जड जातील. हा तक्ता झाला की वर्षाच्या शेवटी येणारी पैशांची यादी तुम्हाला वेगळी दिसायला लागते. ‘सर्व्हर जुना झाला’ या वाक्याने काहीच ठरत नाही. ‘डिस्पॅच दोन तासांच्या वर थांबू नये असं तुम्हीच लिहिलंय, आणि या सर्व्हरचा सुटा भाग यायला चार दिवस लागतात’ यावरून निर्णय घेता येतो. तुमच्या तिघांना अशा भाषेत मागणी करायला शिकवणं हे तुमचंही काम आहे.

त्यानंतर किल्ल्या. हे मी सगळ्यांना कळकळीने सांगतो, कारण इथेच छोट्या कंपन्या सर्वांत जास्त अडकतात. कंपनीचं डोमेन नेम कोणाच्या नावावर नोंदवलंय? बऱ्याच ठिकाणी ते कधीकाळी वेबसाइट करून दिलेल्या माणसाच्या ईमेलवर असतं. तो माणूस आता फोन उचलत नाही, आणि नूतनीकरणाची आठवण त्याच्याच इनबॉक्समध्ये जाते. डोमेन गेलं की वेबसाइटबरोबर कंपनीचे सगळे ईमेल बंद. ग्राहकाचं शेड्यूल ईमेलवर येत असेल तर पुढचं सांगायला नको. असाच प्रश्न ईमेलच्या मुख्य ॲडमिन खात्याचा, फायरवॉलच्या पासवर्डचा, ईआरपीच्या डेटाबेसचा, जीएसटी पोर्टलवर नोंदवलेल्या मोबाइल नंबरचा आणि डिजिटल सहीच्या टोकनचा. ही यादी लिहून काढा. प्रत्येक गोष्ट कंपनीच्या नावावर करून घ्या. निदान दोन माणसांना ती वापरता आली पाहिजे. पासवर्ड सीलबंद पाकिटात तुमच्या तिजोरीत ठेवा आणि बदलले की पाकीटही बदला. आयटी बाहेर द्यायचं ठरवलंत तरी हे त्याआधी झालंच पाहिजे. नंतर करायला गेलात तर किल्ल्या आपोआप त्या कंपनीकडे जातात आणि परत मागताना कडू संवाद होतात.

बॅकअपबद्दल विचारलंत तर सगळे ‘होतो’ म्हणतात. कंपनी कायद्याच्या नियमांनुसार हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज घ्यावाच लागतो, तेव्हा तो होत असेलही. तुम्ही बॅकअपबद्दल विचारूच नका, रिस्टोअर मागा. ‘मागच्या गुरुवारची ईआरपी दुसऱ्या एखाद्या मशीनवर उभी करा आणि तिच्यातून एक इन्व्हॉइस काढून दाखवा.’ घड्याळ लावा. पहिल्या खेपेला काय निघतं ते मी अनेक ठिकाणी पाहिलंय. डेटाबेस परत येतो, पण ड्रॉइंगचं फोल्डर बॅकअपमध्ये घेतलेलंच नसतं. लायसन्स जुन्या मशीनला बांधलेलं असतं आणि ते सोडवायला व्हेंडरसाठी सोमवारपर्यंत थांबावं लागतं. कधी बॅकअपवर पासवर्ड असतो आणि तो घालणारा नोकरी सोडून गेलेला असतो. हे सगळं निवांत शनिवारी कळलेलं बरं. वर्षातून दोनदा हा सराव करा आणि लागलेला वेळ ए-थ्रीवरच्या रकान्याशी ताडून पाहा.

एका डिस्कवरचं दुसऱ्या डिस्कवर आपोआप उमटत राहतं, त्याला बॅकअप समजू नका. चूक किंवा व्हायरसही तितक्याच तत्परतेने उमटतो. २७ जून २०१७ ला नॉटपेट्या नावाचा हल्ला युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून सुटला आणि मर्स्क ही जगातली सर्वांत मोठ्यांपैकी एक जहाज कंपनी ठप्प झाली. आपल्या न्हावा-शेव्यातलं त्यांच्या गटाचं टर्मिनलही त्यात अडकलं. त्यांना चार हजार सर्व्हर आणि पंचेचाळीस हजार संगणक नव्याने उभे करावे लागले. कोण युजर आणि कोणाला काय अधिकार, याची नोंद ठेवणारे त्यांचे डोमेन कंट्रोलर एकमेकांची नक्कल ठेवत होते, त्यामुळे ते जवळपास सगळे एकदमच गेले. घानामधल्या कार्यालयातला एक तेवढा वाचला, कारण तिथे त्या वेळी नेमकी वीज गेलेली होती. त्याच्यावरून पुढची उभारणी झाली. एवढ्या मोठ्या कंपनीची ही गत होऊ शकते, तर आपण निदान एक प्रत नेटवर्कपासून तोडून ठेवावी. सिन्नरची प्रत अंबडला आणि अंबडची सिन्नरला, रोज जोडून काढून घेतलेल्या डिस्कवर, एवढ्यानेही बरंच साधतं.

माणसं येण्या-जाण्याचं थोडक्यात सांगतो. पर्चेसमधला माणूस सोडून जातो, एचआर आयटीला सांगत नाही, आणि त्याचा ईमेल महिनोन्‌महिने चालू राहतो. मग एखाद्या व्हेंडरला त्याच आयडीवरून पत्र जातं. उलटंही होतं. व्हेंडरच्या नावाने पत्र येतं की आमचा बँक खाते क्रमांक बदललाय, आणि अकाउंट्स पैसे नव्या खात्यात पाठवून मोकळे. त्यावर नियम साधे आहेत. आयटीच्या सहीशिवाय सोडून जाणाऱ्याचं फुल अँड फायनल (शेवटचा हिशेब) होणार नाही. बँक खात्यातला कोणताही बदल आपल्याकडे आधीपासून असलेल्या नंबरवर फोन करून विचारल्याशिवाय व्हेंडरांच्या मूळ नोंदीत (मास्टरमध्ये) जाणार नाही. दुसरा नियम अकाउंट्सने पाळायचा आहे, पण तो लिहून घेण्याचा आग्रह आयटीने धरायचा.

कारखान्यात आयटीचं एक काम नेहमी सुटतं, ते म्हणजे मशीनं. तुमच्याकडे सीएमएम (मापं तपासणारं यंत्र) असेल, व्हीएमसी (संगणकावर चालणारी कटिंगची यंत्रं) असतील. त्यांना जोडलेले संगणक कोणत्या विंडोजवर आहेत, हे आयटीच्या यादीत बहुधा नसतं, कारण मशीन प्रॉडक्शनने घेतलेलं असतं. ऑगस्ट २०१८ मध्ये तैवानच्या टीएसएमसी या चिप बनवणाऱ्या कंपनीत नवीन मशीनवर सॉफ्टवेअर घातलं गेलं आणि न तपासता ते नेटवर्कला जोडलं गेलं. वॉनाक्राय व्हायरसचा एक प्रकार पसरला आणि कंपनीचे अनेक कारखाने थांबले. विंडोजमधल्या ज्या छिद्रातून हा व्हायरस शिरतो, त्याचा पॅच (दुरुस्ती) मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिलेला होता. म्हणून मशीनची ऑर्डर देतानाच आयटीला खोलीत बसवा. उत्तम चालणारं महागडं मशीन केवळ विंडोज जुनं म्हणून बदलायची गरज नाही. त्याचं नेटवर्क ऑफिसपासून वेगळं करा, इंटरनेट बंद ठेवा, आणि मशीनवाल्यांचा इंजिनीअर पेन ड्राइव्ह घेऊन आला तर तो आधी तपासला जाईल एवढं पाहा.

आता कायद्याचा भाग, कारण सल्लागार तो सहसा गृहीत धरत नाहीत. तुम्ही प्रायव्हेट लिमिटेड असाल तर १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये ऑडिट ट्रेल (कोणी कधी काय बदललं याची नोंद) चालू असणं सक्तीचं आहे आणि ऑडिटरला त्यावर अहवालात लिहावं लागतं. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार रॅन्समवेअरसारख्या (फाइली लॉक करून खंडणी मागणाऱ्या) सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायच्या असतात आणि यंत्रणांचे लॉग (आपोआप होणाऱ्या नोंदी) १८० दिवस जपायचे असतात. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आहेच, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. कामगारांचे आधार, बँक तपशील, बायोमेट्रिक हजेरी हे सगळं तुमच्याकडेच असतं. रात्री दोनला सर्व्हर लॉक झाला तर सहा तास कोण मोजणार? बाहेरच्या कंपनीशी करार केलात तरी हे कर्तव्य तुमचंच राहतं.

आयटीने काय करू नये हेही ठरवा. ‘ईआरपीतला स्टॉक चुकतोय’ ही तक्रार दर महिन्याला येते. बहुतेक वेळा रिजेक्शन बुक झालेलं नसतं किंवा जॉब वर्कचं (बाहेरून करून घेतलेल्या कामाचं) चलन राहिलेलं असतं. आयटीचा पोरगा मग मागच्या दाराने आकडा दुरुस्त करून देतो आणि सगळे खूश. हे बंद करा. स्टॉकचा आकडा स्टोअर्सचा, बीओएम (कोणत्या मालाला कोणते भाग लागतात ती यादी) इंजिनीअरिंगचा, दर पर्चेसचा. यंत्रणा नीट चालवणं आणि कोणी काय बदललं हे दाखवता येणं, इतकंच आयटीचं. डेटाबेसमध्ये थेट हात घालायची सवय लागली की ऑडिट ट्रेललाही अर्थ उरत नाही. याच्या उलट, पीपीसीच्या (उत्पादन नियोजनाच्या) एखाद्या साहेबांच्या लॅपटॉपमध्ये मॅक्रोवाली एक्सेल असेल आणि सगळं प्लॅनिंग तिच्यावर चालत असेल, तर तिकडे आयटीने जरूर लक्ष द्यावं. ती फाइल वाईट नसते. ईआरपीत न मिळालेलं काहीतरी त्या माणसाने स्वतः सोडवलेलं असतं. तिचा बॅकअप घ्या, ती समजून घ्या, आणि ईआरपीत आणता येते का ते पाहा. अशा फाइली शोधणं हे चांगल्या आयटी माणसाचं काम आहे, आणि त्यातून कंपनीचा फायदा सर्वांत लवकर दिसतो.

तर बाहेर काय द्यायचं? लॅपटॉप-डेस्कटॉपची दुरुस्ती द्या. प्रिंटर भाड्याने घ्या, पानामागे दर ठरवून. केबलिंग, सीसीटीव्ही, फायरवॉलवर रात्रंदिवस नजर ठेवणं, हेही द्या. तीन माणसांत चोवीस तासांची पाळत शक्य नाही आणि त्यासाठी माणसं घेणं तुम्हाला परवडणारही नाही. आत काय ठेवायचं? ए-थ्रीचा तक्ता, किल्ल्या, कोणाला कोणते अधिकार याचा निर्णय, रिस्टोअरचा सराव, ईआरपीचं ज्ञान आणि बाहेरच्या सगळ्या व्हेंडरांना कामाला लावणं. सल्लागारांनी बचतीचा आकडा दिला असेल तर या यादीतलं काय त्यात धरलंय हे विचारा. करारात ‘किती वेळात प्रतिसाद’ एवढंच असतं. ‘किती वेळात काम सुरू’ हे लिहून घ्या, दुसऱ्या पाळीसकट आणि सिन्नरसकट. करार संपताना पासवर्ड, सेटिंग, नकाशे, सगळं किती दिवसांत परत मिळेल याचं कलम पहिल्याच दिवशी घाला.

आयटी अकाउंट्सच्या हाताखाली असण्याला जुनं कारण आहे. संगणक आपल्याकडे पगार आणि खातेवहीसाठी आले, विभागाला ईडीपी (इलेक्ट्रॉनिक डेटा प्रोसेसिंग) म्हणत, आणि तो अकाउंट्सच्या शेजारी बसे. बऱ्याच कंपन्यांत ती रचना तशीच राहिली. त्यात अकाउंट्सची चूक नाही, पण तिथे प्रत्येक मागणी खर्च म्हणूनच पाहिली जाते. निदान वर्षभर आयटी थेट तुमच्याकडे घ्या आणि महिन्यातून एक तास द्या. बजेट दोन भागांत मागा. आहे ते चालू ठेवायला किती आणि नवीन काही करायला किती. विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, तेव्हा त्यावरचे संगणक बदलणं पहिल्या भागात मोडतं. मात्र किती, कुठले, आणि कुठले आणखी वर्षभर वेगळ्या नेटवर्कवर चालतील, हे त्यांनी लिहून द्यायला हवं.

शेवटचा मुद्दा तिघांचा. माझा अंदाज आहे की त्यांत एक जण जुना आहे आणि ईआरपीतल्या सगळ्या खाचाखोचा त्याच्याच डोक्यात आहेत. त्याला ईआरपी आणि खात्यांचा माणूस करा आणि डोक्यातलं कागदावर आणायला हक्काचा वेळ द्या. दुसऱ्याला नेटवर्क, सुरक्षा आणि बाहेरचे व्हेंडर. तिसऱ्याला सिन्नर आणि दुसरी पाळी. दुरुस्ती बाहेर गेली की एवढी माणसं पुरतील. पण हे बोलणं सल्लागारांचा अहवाल फिरायला लागण्याआधी, तुम्ही स्वतः, तिघांसमोर बसून करा. ‘आयटी बाहेर जाणार’ अशी कुजबुज कानावर गेली की जाणता माणूस सर्वांत आधी दुसरी नोकरी शोधतो, आणि त्याला लगेच मिळते.

तुमची ईआरपी कोणती आणि ती कोणाच्या सर्व्हरवर आहे हे कळवलंत, तर करारातल्या कलमांबद्दल आणखी नेमकं लिहीन.